पास-नापासाचे ठिपके

पावणे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आमचं सॉफ्टवेअर बसवलं. त्यातले रंग मी निवडलेले. त्यांवर तासभर भाषण दिलं, तिथल्या साहेबांनी टाळ्याही वाजवल्या. पास मालापुढे हिरवा ठिपका, नापासापुढे लाल.

तिथला पन्नाशीचा स्टोअरकीपर आजवर पिंपांवर खडूने बरोबर-चूक अशी खूण करायचा. जेवणाच्या सुट्टीत खडूचे हात पुसत तो हळूच म्हणाला, "साहेब, बाजूला अक्षरात लिवा ना. मला दोनी ठिपके सारकेच दिसतात. कुनाला बोलू नका, नोकरी जाईल."

मी बोललो नाही. नुसतीच अक्षरं मागितली. "स्क्रीन गचाळ दिसेल," असं म्हणून आमच्या ऑफिसने ती नाकारली.

महिन्याभरात त्याच्या हातून नापास माल बाहेर गेला. त्याला काढल्यावर अक्षरं आली.

त्याच्या जागी आलेली मुलगी म्हणाली, "सर, हे कशाला? रंग दिसतोय की!"