सगळ्यांना एकदम हाक

आज सकाळी एका सहकाऱ्याचा कोड माझ्याकडे तपासायला आला. त्यात तीन ओळींचं एक लूप होतं. कोडच्या एका क्लासमध्ये कोणकोणती फंक्शन, म्हणजे एकेक काम करणारे तुकडे, आहेत ते रिफ्लेक्शननं, म्हणजे प्रोग्रामला स्वतःबद्दलच, विचारायचं आणि एकेकाला नावानं हाक मारून चालवायचं. हे लूप माझ्या चांगलंच ओळखीचं. सोलापुरात कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मीही ते लिहिलं होतं.

लॅबमध्ये चपला बाहेर काढाव्या लागत आणि फरशीनं पाय गार पडत. प्रोजेक्ट होता कॉलेजच्या वाचनालयाचा. माझी जोडीदार सविता, सांगोल्याची. पुस्तकांची यादी तिनं पंधरा दिवस बसून टाइप केली होती. मी तिची इफ-एल्सची, म्हणजे 'हे असेल तर ते कर' अशा अटींची, लांबलचक रांग खोडून हे लूप बसवलं.

"सगळ्यास्नी एकदम हाक मारायची व्हय?" तिनं विचारलं.

"तीच तर गंमत आहे," म्हणत मी एंटर दाबलं.

शोधणारं, मोजणारं, छापणारं, सगळी फंक्शन चालली. यादी रिकामी करणारंही चाललं. पडद्यावर आलं, 'पुस्तके: ०'. यादीची दुसरी कॉपी आम्ही ठेवलीच नव्हती.

 सविता वाचनालयाचं रजिस्टर माझ्यापुढं सरकवून म्हणाली, "तू वाच, मी टाकती. दोघीत लवकर हुतंय की."

पुढं कित्येक वर्षं मी हा रिफ्लेक्शनचा किस्सा म्हणून सांगितला. लोक हसायचे. सविताचं नाव त्यात नसायचं.

आज चूक दाखवण्याआधी सहकाऱ्याला एवढंच विचारलं, "यातला डेटा कुणी भरलाय?"