जिभेवरची चिमूट

सोलापुरात आमच्या अप्पांचं मिरची कांडपाचं दुकान आहे. मिरची कुटून झाली की ते चिमूटभर तिखट जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि समोरच्या बाईला सांगायचे, "रंग झ्याक हाय, पर तिखट कमी. दोन मुठी लवंगी घाला की." अक्कलकोटहून ब्याडगी घेऊन येणाऱ्या बायकासुद्धा त्या जिभेवर डोळे झाकून विश्वास ठेवायच्या. त्याच जिभेला कॅन्सर झाला.

मग काय, नातेवाइकांना तोंड फुटलं. "जलमभर तिखट चाटलं, दुसरं काय व्हणार?" अहो, इतकी वर्षं गालात तंबाखू होती, ती कुणाला दिसली नाही! पण अप्पांनी ते मनाला लावून घेतलं. रोज दवाखान्यात लाईट, म्हणजे रेडिएशन, घेऊन यायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. दुकान विकून टाका, म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. मिरचीतल्या तिखट घटकानं, कॅप्सेसिननं, प्रयोगशाळेत गाठीच्या पेशी मरतात, अशी बातमी पेपरात आली होती. ती घेऊन गेले आणि मुद्दाम नातेवाईक बसलेले असताना मोठ्यानं वाचली. "ऐकलंत का? मिरची मारते कॅन्सरला!" अप्पा उठून बसले. मला कोण आनंद झाला! खालच्या चार ओळी मी वाचल्या नव्हत्या असं नाही. मोठ्यानं वाचल्या नाहीत, एवढंच.

आठवड्याभरात त्यांचं तोंड आतून सोलून निघालं. पाणीही गिळवेना. डॉक्टरीणबाईंनी लाईट थांबवली आणि म्हणाल्या, असा खंड पडला तर गाठ पुन्हा डोकं वर काढेल. घरी आल्यावर आईला त्यांच्या उशीखाली कागदाची पुडी सापडली. तिखटाची. माणूस रोज सकाळी चिमूटभर तिखट त्या भाजलेल्या जिभेवर धरून बसत होता. लेकीनं सांगितलंय म्हणून.

मी जाऊन सगळं सांगितलं, तशा डॉक्टरीणबाई माझ्यावर भडकल्या. "काचेच्या बशीतल्या पेशी वेगळ्या आणि माणसाचं तोंड वेगळं, हे तुम्ही शिकवता ना?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दुपारी अप्पांच्या खाटेपाशी बसून सगळं सांगितलं. प्रयोग अजून चालूच आहेत, चाटून बरं व्हायचं औषध अजून कुणाच्या हाती लागलेलं नाही.

"म्हंजे खोटं सांगितलंस व्हय?"

"खोटं नाही, अप्पा. अर्धं सांगितलं. चुकले मी."

त्यांना बोलताना दुखत होतं, तरी म्हणाले, "पर मिरचीनं न्हाय ना झालं मला?"

"नाही. तंबाखूनं."

"मग दुकान ऱ्हाऊ दे."

तोंडातल्या जखमा भरून आल्या, लाईट पुन्हा सुरू झाली आणि पुरी झाली. तपासणीत गाठ दिसली नाही. चव मात्र अजून आलेली नाही.

परवा दुकानात गेले होते. एका बाईंची मिरची कुटून झाली होती. "बघा की अप्पा, कशी झालीय ती." त्यांनी सवयीनं चिमूट उचलली, ओठांपर्यंत नेली आणि थांबले. मग माझा हात ओढून ती माझ्या तळहातावर ठेवली.

"तू बघ," म्हणाले. "आन ह्या टायमाला सगळं सांग."