यमुनाबाईंची डावी करंगळी

यमुनाबाई सोनटक्के लग्न होऊन वर्ध्याहून पुण्यात आल्या, त्याला तेहेतीस वर्षं झाली होती. पुण्याच्या हिशेबानं त्या अजून पाहुण्याच. कोथरूडच्या सोसायटीत तळमजल्यावर, स्वतःच्याच पुढच्या खोलीत त्यांचा टायपिंगचा वर्ग चाले. चार यंत्रं, चार स्टुलं आणि भिंतीवर एक सूचना: 'बोटांकडे बघायचे असल्यास घरी बसून बघावे.'

दोन हजार सहा साल उजाडेपर्यंत घरी बसणाऱ्यांची संख्या बरीच वाढली. समोरच्या इमारतीत संतोष सरांनी वातानुकूलित संगणक क्लास काढला होता. बाईंकडे नऊ मुली उरल्या. त्यांच्या वतीनं नम्रतानं सांगितलं, "बाई, एक मार्चपर्यंत कॉम्प्युटर आला तर ठीक. नाहीतर आम्ही समोर जाऊ." धमकी इतक्या अदबीनं दिली होती की यमुनाबाईंनी तिला चहा दिला.

बाईंचा भाचा शुभंकर खराडीला सॉफ्टवेअरच्या कंपनीत होता. त्यानं आपला जुना संगणक आणून दिला आणि त्यात विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलं.

"हे फ्री असतं मावशी. कुणीही आतलं उघडून बघावं, दुरुस्त करावं."

फुकट म्हटल्यावर पुण्यात आधी संशय येतो. पण बाई मूळच्या वर्ध्याच्या, त्यांनी विश्वास ठेवला. दोन महिने खपून त्यांनी वेगाच्या सरावाचे दोनशे बारा उतारे त्यात टाइप केले. एक तारीख बुधवारी होती. सकाळी आठपासून एकेकीला वीस मिनिटांची पाळी, असं ठरलं.

आदल्या रविवारी शुभंकर जेवायला आला. जेवण झाल्यावर त्याला पडद्यावरची अक्षरं जाड वाटली. "थांब, शार्प करून देतो," म्हणून त्यानं कुठल्याशा फायलीत काही आकडे वाढवले, संगणक बंद केला आणि बडीशेप खाऊन गेला. सोमवारी सकाळी बाईंनी बटण दाबलं, तर पडदा काळा. त्यावर एक लहानशी चौकट तरंगत होती: 'आउट ऑफ रेंज'. त्या जुन्या मॉनिटरला पेलणार नाही इतकं बारीक चित्र शुभंकरनं त्याच्याकडून मागितलं होतं.

दहा वाजता संगणकाच्या दुकानातून दुरुस्तीला वैजनाथ आला. त्यानं संगणकाकडे सहानुभूतीनं पाहिलं.

"काकू, हे लिनक्स-बिनक्स काढून टाकू. फॉरमॅट मारतो. तासाभरात नवाकोरा."

"आणि उतारे?"

"ते जाणार."

"मग तुम्हीही जा."

दुपारी शुभंकर फोनवर सापडला. त्याचा आवाज पडलेला होता. "चूक माझीच आहे. शनिवारपर्यंत निघता येणार नाही, इथे रिलीज आहे."

"शनिवारी मुली समोर असतील. उपाय काय आहे ते सांग."

"जुनी फाईल मी ठेवलीय. ती परत जागेवर ठेवायची, एका ओळीचं काम. पण टाइप केलेलं काहीच दिसणार नाही तुला. एक अक्षर चुकलं तरी कळणार नाही."

"शुभंकर," बाई म्हणाल्या, "मी टाइप केलेलं बघते, असं तुला कुणी सांगितलं?"

रिसीव्हर मान आणि खांद्यात धरून त्या बसल्या. तीन बटणं एकदम दाबली. त्यानं चित्रांची खोली बंद होऊन नुसत्या अक्षरांची उघडते म्हणे. पण तीही काळीच. नाव टाइप केलं. मग पासवर्ड. पासवर्ड टाइप करताना तसंही कुणालाच काही दिसत नाही. तेवढ्यापुरते जगातले सगळे इंजिनियर यमुनाबाईंच्या पातळीवर येतात.

"आता, एस यू डी ओ. स्पेस. सी पी. स्पेस. स्लॅश, ई टी सी. स्लॅश, मोठा एक्स, वन वन..."

"जरा भरभर सांग. लय तुटते."

शुभंकर भरभर सांगू लागला. ओळ संपली, पासवर्ड पुन्हा दिला, मग संगणक नव्याने सुरू केला. दोन मिनिटांनी चौकट तरंगत आली: 'आउट ऑफ रेंज'.

"म्हटलं होतं ना," शुभंकर म्हणाला. "कुठे चुकलं ते कळणारच नाही आता. राहू दे मावशी."

"गप्प बस दोन मिनिटं."

बाईंनी हात मांडीवर ठेवले आणि साडीच्या निऱ्यांवर सबंध ओळ पुन्हा वाजवली. त्या अक्षरं आठवत नव्हत्या, बोटं आठवत होत्या. मोठ्या एक्सनंतर त्या थांबल्या. तिथे उजवी अनामिका दोनदा पडली होती. डावी करंगळी वरच्या ओळीत गेलीच नव्हती.

"वन म्हणजे आकडा ना रे?"

"हो. मग?"

"आमच्या मशीनला एकचा आकडा नव्हता. एकच्या जागी आम्ही छोटा एल मारायचो. तीस वर्षं तेच. कागदावर कुणाला ओळखू आलं नाही. तुझ्या संगणकाला आलं."

बाईंनी हात मांडीवरून उचलून पुन्हा कळांवर ठेवले.

"पुन्हा सांग. पहिल्यापासून."

या खेपेला अकराच्या जागी डावी करंगळी मुद्दाम दोनदा वर गेली. ओळ संपली. संगणक बंद होऊन सुरू झाला. पडदा काळा राहिला, मग राखाडी झाला आणि मग नाव विचारणारी खिडकी आली, जाड अक्षरांची.

"आलं," बाई म्हणाल्या.

"काय आलं?"

"सगळं."

शुभंकरनं ही हकिगत ऑफिसात सांगितली. त्याच्या साहेबांनी विचारलं, मावशींना लिनक्सचा अनुभव किती? शुभंकर म्हणाला, "दोन महिने. पण स्पीड साठ आहे." साहेब स्वतः दोन बोटांनी टाइप करायचे. त्यांनी विषय बदलला.

मंगळवारचा दिवस बाईंनी उतारे तपासण्यात घालवला. दोनशे बारापैकी त्र्याण्णव उताऱ्यांत एकच्या जागी एल निघाले. स्वातंत्र्याचं साल तर एकदाही पूर्ण आकड्यांत मिळालं नव्हतं. रात्रीच्या जेवणाआधी सगळे दुरुस्त झाले.

बुधवारी आठ वाजता नऊही मुली आल्या. वीस मिनिटांची पाळी संपली तरी नम्रता उठेना, तेव्हा तिला उठवावं लागलं. नऊच्या सुमारास दारात आणखी दोघी उभ्या राहिल्या. त्या समोरून आल्या होत्या.

"तिकडे काय झालं?" बाईंनी विचारलं.

"तिकडे नुसता माउस शिकवतात," त्यांतली एक म्हणाली.

बाईंनी दोन स्टुलं आतून मागवली.