हिरव्या रंगाखालची पंचफुला

मुखेडकडच्या एका खेड्यातला साहेबराव बहात्तरच्या दुष्काळात बायकोला घेऊन रस्त्याच्या कामावर खडी फोडत होता. मैलाच्या दगडांवर आकडे घालायला माणूस मिळेना, तेव्हा मुकादमानं त्याच्या हाती कुंचला दिला. आकडे असे देखणे उतरले, की जाणारे-येणारे थांबून बघू लागले. बायको, पंचफुला, म्हणाली, "खडी फोडायला बाकीचे हायत की. तुमी ह्येच करा." तिच्या शब्दावर त्यानं लातूर गाठलं आणि दुकानांच्या पाट्या रंगवू लागला.

पाट्या पोटासाठी. जीव रमायचा तो रस्त्यांत. जुना पत्रा हाती लागला, की त्यावर तो गंजगोलाईच्या बाजारातले हमाल काढायचा, टांग्यांचा अड्डा काढायचा. एका उन्हाळ्यात त्यानं आपल्याच गल्लीतली नळाची रांग काढली. रांगेत तिसरी पंचफुला. पायाशी घागर, पदर खोचलेला, मागं वळून हसणारी. गल्लीतल्या बायांनी तिला लांबूनच ओळखलं.

ब्याऐंशीत लातूर जिल्हा झाला. गावभरच्या पाट्यांवर जिल्ह्याचं नाव बदलायचं होतं; साहेबरावाला जेवायलाही उसंत राहिली नाही. एका नव्या कचेरीची पाटी करताना तिथल्या साहेबांना त्याच्या चित्रांबद्दल कळलं. त्यांनी नळाची रांग निवडली.

"सुंदर आहे. भिंतीवर लावू," साहेब म्हणाले. "पण नव्या जिल्ह्याची कचेरी, तिथं पाण्याची रांग बरी दिसत नाही. त्या जागी झाडं काढून द्या."

साहेबरावाच्या बापाला गावात कुणी चावडीची पायरी चढू दिली नव्हती. आपल्या हातचं चित्र कचेरीत लागणार, एवढंच त्याला ऐकू आलं. तो "जी" म्हणाला आणि रांगेवर हिरवा रंग चढवला.

पंचफुला बघत राहिली. "अवो, मी कुठं गेले?"

"दुसरं काढतो की. तुझं एकटीचं."

"काढा सवडीनं," ती म्हणाली.

सवड झाली नाही. पुढच्या पावसाळ्यात तिला कावीळ झाली. झाडपाल्यात आठ दिवस गेले, दवाखान्यात दोन, आणि ती गेली. मुलगी विशाखा तेव्हा तीन वर्षांची. घरात पंचफुलाचा एक फोटोसुद्धा नव्हता.

साहेबराव चित्र काढायला बसायचा. डोळे जमले तर हसू हुकायचं. मग काही तरी निमित्त काढून तो कचेरीत जायचा आणि त्या झाडांपुढं उभा राहायचा. शिपाई मडिवाळप्पा त्याला काही विचारायचा नाही. सात वर्षांनी भिंती रंगवल्या, चित्र अडगळीत पडलं. मडिवाळप्पानं नव्या साहेबांना विचारलं आणि पत्रा साहेबरावाच्या सायकलीला बांधून दिला.

"ने बाबा. तुजंच हाय."

साहेबरावानं घरी टर्पेंटाइनचा बोळा फिरवला, ब्लेडनं हलक्या हातानं खरवडलं. हिरवा रंग सुटला, पण सुटताना खालचाही घेऊन आला. पांढरा पत्रा दिसू लागला तसा त्यानं हात थांबवला. घागर राहिली होती, आणि तिच्याजवळ जोडव्याचा एक पाय.

विशाखा शेजारी येऊन बसली. "आई कुटली?"

त्यानं पायाजवळ बोट ठेवलं.

"तोंड न्हाई का?"

"न्हाई गं," साहेबराव म्हणाला. "मीच पुसलं."