जीप पीत नव्हतीच

सांगोल्याच्या छापखान्यात पत्रकाचं प्रूफ तपासत उभी होते, तेव्हा तात्यांच्या मुलाचा फोन आला. "तात्या गेले. जेवून आडवे झाले, ते उठलेच न्हाईत." मी प्रूफ खाली ठेवलं. छापखानेवाल्यानं विचारलं, "कोण?" मी म्हटलं, "आमचे ड्रायव्हर." एवढंच निघालं तोंडातून. दीड महिना आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो, त्यामुळं आमचे काय, हे चटकन सुचलं नाही... गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात. मी घडलं तसं लिहिणार आहे. त्यात चांगलं जेवढं असेल तेवढं आपोआप येईल, आणि ते थोडं नाही.

सोपानतात्या सरकारी खात्यात जीप चालवून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर त्याच खात्याच्या लिलावात निघालेली जुनी फोर-व्हील जीप त्यांनी सोडवून आणली. गावात त्यांना हसले लोक. "तात्या, म्हातारी घरात एक हाय की, आनिक दुसरी कशाला?" पुढं आमच्या माळावर खडी क्रशर आला, सुरुंगानं भिंतींना तडे जायला लागले, डाळिंबाच्या फुलावर पांढरा थर बसायला लागला, आणि आम्ही पोरापोरींनी आंदोलन उभं केलं. तेव्हा दगडधोंड्यातून वस्तीवस्तीला नेणारी तीच एक गाडी होती. तात्यांनी किल्ली आमच्यासमोर टाकली आणि म्हणाले, "गाडी माझी, डिझेल गावाचं." त्यावरून पाळी ठरली. ज्या घराची पाळी त्यांनी ट्रॅक्टरच्या डिझेलमधला एक कॅन जीपमध्ये ओतायचा, आणि ओतताना मीटरचा आकडा पुढच्या घराला सांगायचा. गाडी चालवायलाही मला त्यांनीच शिकवलं. पत्रक लिहिणाऱ्या मुलीला गिअर कळायला वेळ लागला. ओरडायचे. "घोषणा देतीस तशी क्लच सोडू नगस! हळू, हळू... ती काय तहसीलदार हाय व्हय?"

मागच्या उन्हाळ्यात कुरबुर सुरू झाली. एक कॅन पूर्वी जेवढ्या किलोमीटरला पुरायचा, मीटरवर त्याच्या निम्म्यापर्यंतही पुरेना. पाळी आली की बायका दारातूनच बोलायच्या, "जीप हाय का दुभती म्हैस? निस्तं खातीया." कुणी डिझेल काढून विकतंय अशीही कुजबुज झाली. मला राग आला, कारण बोट तात्यांकडं जात होतं. मी म्हटलं, गाडी तपासू, सगळ्यांदेखत तपासू. तात्या बिडी विझवत म्हणाले, "तपास की. शिकशील." आणि पारावर बसून त्यांनी मला जे सांगितलं, ते मी आजही कुणाला सांगेन. "गाडी आपल्या मनानं कवाच पीत न्हाय पोरी. एक तर तिला श्वास मिळंना, न्हायतर कुनीतरी तिला मागनं धरून ठिवलंय, न्हायतर कुटंतरी गळती हाय. ह्या तिनातच बघायचं."

पहिल्यांदा श्वास. एअर फिल्टर उघडला तर आत पिठासारखी पांढरी धूळ, मुठीनं काढावी इतकी. क्रशरची धूळ! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. त्याच दिवशी पत्रक लिहून काढलं. आमची फुलं खाल्ली, आमच्या भिंती खाल्ल्या, आता ही धूळ आमचं डिझेलही पिते, असं मोठ्या टायपात. तात्यांना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं, मान डोलावली, "झ्याक लिव्हलंस" म्हणाले आणि पुढच्या बाजारच्या दिवशी स्वतःच्या हातानं ते वाटलं. लोकांच्या हातात देत होते, समजावून सांगत होते. त्यांना माहीत होतं की ते खोटं आहे. बाकी कशाचंही एक वेळ मी समजून घेईन. ह्याचं नाही.

फिल्टर बदलला, तरी फरक पडेना. मग मागनं कोण धरतंय ते बघितलं. चारी चाकं जॅकवर उचलून हातानं फिरवली, मोकळी फिरली. ब्रेक कुठं चिकटत नव्हता, टायरात हवा होती, फोर-व्हीलचा गिअर काढलेला होता, म्हणजे पुढच्या चाकांना उगाच जोर जात नव्हता. गळती म्हणाल तर टाकीखाली रात्रभर कागद अंथरला, सकाळी कोरडा. डिझेलचा पंप काढून सोलापूरला दाखवला, तिथला मिस्त्री म्हणाला, "ताई, ह्याला काय झालंय? उगं बसवा परत." तिन्ही कारणं संपली. शेवटी मी टाकी गळ्यापर्यंत भरली, सांगोल्याला स्वतः दोन फेऱ्या मारल्या, परत गळ्यापर्यंत भरली, आणि चक्रावले. जीप निरोगी जीपसारखी चालली होती. मी चालवली की पीत नव्हती. तात्या एकटे गेले की प्यायची.

मी परत गाडीखाली शिरले. वर गाडीचं सगळं पोट चिखलानं आणि ऑइलनं काळंकुट्ट, हात लावला तर नखात खपली येईल असं. त्यात एकच नट चकचकीत. गिअरबॉक्समधून मीटरकडं जी केबल जाते तिचा. पाना लागला नाही, दोन बोटांत फिरला. केबल निघाली की गाडी धावते आणि आकडा जागेवर थांबतो. मग डिझेल जास्त जळालं असंच दिसणार. जास्त काहीच जळत नव्हतं. रस्ता लपवला जात होता. तात्यांनी मला तीन कारणं शिकवली होती, चौथं स्वतःजवळ ठेवलं होतं.

सकाळी ते बिडी पेटवत जीपजवळ आले. मी नुसती केबल दाखवली. त्यांनी काडी विझवली. मग म्हणाले, "घावलं व्हय तुला..." आवाजात थोडं कौतुक होतं, ते मला अजून सहन होत नाही.

"कुठं जात होता?"

"सांगोल्याच्या पल्याड. वजनकाट्यावर."

वजनकाटा क्रशरवाल्याचा. मी विचारलं, कशाला. तात्यांनी सांगितलं ते असं. आम्ही पहिल्या रास्ता रोकोची तयारी करत होतो तेव्हा मालकाच्या माणसानं त्यांना गाठून सांगितलं होतं, ट्रक थांबणार नाहीत, पोरं आडवी झाली तरी. तेव्हापासून दर बैठकीनंतर तात्या काट्यावर जाऊन आम्ही कुठल्या दिवशी रस्त्यावर बसणार ते आधी कळवत आले आणि त्या दिवशी ट्रक येत नव्हते. आम्ही तीनदा बसलो, तीनदा रस्ता रिकामा. तीनदा आम्ही गुलाल उधळला! घाबरले, पळाले, असं मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून खडी चालूच. आमचा विजय समोरच्याच्या सोयीनं ठरत होता आणि मी त्याची पत्रकं काढत होते.

"काय घेतलं त्यांच्याकडनं?"

"च्या." तात्या म्हणाले. "बिनसाखरंचा. येकतरी पोर चाकाखाली आलं का तुमचं? न्हाय ना? मग बास की."

"आम्हाला विचारलं का, तात्या?"

"इचारलं असतं तर तुमी बसलाच असता. तू तर म्होरंच असतीस."

मी बैठकीत सगळं सांगितलं. काही जण म्हणाले, म्हातारा माणूस, घरातल्या घरात मिटव. मी मिटवलं नाही, आज परत वेळ आली तरी मिटवणार नाही. जे दुसऱ्याच्या आंदोलनात चूक आहे ते आपल्या तात्यांनी केलं म्हणून माया होत नाही. तात्या उठले, चावी सतरंजीवर ठेवली, चपला शोधल्या आणि गेले. निदान खोटं तरी बोलायचं होतं, भांडायचं होतं... ते पारावर यायचे बंद झाले. मग तो फोन.

मातीला गेले तेव्हा माणसं माझ्याकडं बघत होती. हिच्यामुळं गेले, असं ऐकू येईल इतपत हळू बोलत होती. काकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, मला हाताला धरून आत नेलं. वाटलं, आता शिव्या देतील. म्हणाल्या, "बिडीनं गेलं ते, तुझ्यानं न्हाय. लई मोठी हुयाला बघू नगस." आणि मग थांबून, "मलाबी सांगितलं न्हवतं त्यांनी. बाजारला जातो म्हनायचे." आम्ही दोघी फसलेल्या, भिंतीला टेकून बसलो.

गेल्या आठवड्यात आम्ही पुन्हा रस्त्यावर बसलो. ह्या वेळी कुणालाही कळवलं नव्हतं. पहाटे माणसं यायच्या आत जीप रस्त्यात आडवी लावायची होती आणि ते काम माझ्याकडं होतं. ड्रायव्हरच्या सीटमध्ये तात्यांच्या बसण्याचा खळगा पडलाय, उजवीकडं जास्त खोल, कारण ते कायम दाराला कोपर टेकून चालवायचे. मी उशी टाकून बघितली, फडकं दुमडून बघितलं, कडेला सरकून बघितलं. माणूस घसरून तिथंच जातो. दुसऱ्या जागेवरून ती जीप चालवताच येत नाही.

वळणावरून भरलेला ट्रक आला. दिवे दिसले, हॉर्न ऐकू आला, वेग कमी होताना दिसेना. तेवढ्या वेळात मला आंदोलनातली एकही घोषणा आठवली नाही. "पोरं आडवी झाली तरी" एवढंच आठवलं, आणि ते ज्यांनी मला सांगितलं तो आवाज. ट्रक करकरत आला आणि जीपच्या दारापासून हातभर अंतरावर थांबला. त्याच्या इंजिनाची धग खिडकीतून गालाला लागत होती.

तात्या, थांबला तो. आधी न कळवता थांबला.

मागून पोरं पळत आली, टाळ्या, आरोळ्या, "ताई, उतर खाली!" दाराला कोपर टेकून मी त्या खळग्यात बसून राहिले. मला उठवेना.