शोभानं पारखलेला लॅपटॉप

शोभा दुसऱ्यांदा घरात शिरली ती लॅपटॉप शोधायला. तो रोज खिडकीजवळच्या पाटावर असायचा, म्हणून धुरातून ती तिकडेच गेली. तो तिथे नव्हता. घर सारवायला घेतलं तेव्हा मी तो उचलून दुसरीकडे ठेवला होता. मी अंगणात खोकत बसले होते. तिला ओरडून सांगायचं होतं, पण आवाज निघाला नाही.

शोभा माझी सून. दर्यापूरकडच्या आमच्या गावात तिला सगळे ओळखत होते. तुम्ही ओळखत नाही, म्हणून लिहिते. मी चौथी शिकले आहे. झालं तसं लिहिता येतं, तेवढं पुरे.

माझा मुलगा साप चावून गेला तेव्हा त्यांची मुलगी वैष्णवी नऊ वर्षांची होती. तेव्हापासून घरात आम्ही तिघी. शेत शोभा करायची. नांगरणी तेवढी माणसं लावून, बाकी सगळं स्वतः. दिसायला साधी, जीभ मात्र विळ्यासारखी. माझ्याशीही गोड बोलली नाही, मीही तिच्याशी नाही. आमचं त्यात काही अडलं नाही.

तिची एक सवय होती. कोणतीही वस्तू हातात घेतल्याशिवाय ती घ्यायची नाही. वांगं असो की विळा, आधी दाबून, उचलून, हुंगून बघायची. बैलबाजारात तर माणसं तिला पाहून हसत. बैलाचे दात पाहून झाले की ती त्याला खाली बसवायला लावायची, मग उठवायची. उठताना तो कोणत्या पायावर भार देतो ते बघायची. मग उलटा चालवायची. दलाल चिडायचा. ती म्हणायची, "तू चिडून रायला म्हंजे काहीतरी हाय बावा. पुन्हा बसव."

कोरोनाच्या साली वैष्णवीचं अमरावतीचं कॉलेज बंद झालं आणि ती घरी आली. तास मोबाइलवर सुरू झाले. मोबाइल एकच, त्याची काच तडकलेली. मास्तर फळ्यावर काय लिहितात ते तिला दिसत नव्हतं. शेवटचं वर्ष होतं. प्रकल्प टाइप करून पाठवायचा होता, परीक्षाही घरूनच द्यायची होती. नाही दिली तर वर्ष जाणार, आणि वर्ष गेलं तर तिच्या मामानं स्थळ आणून ठेवलेलंच होतं. शोभाला ते नको होतं. ती वैष्णवीला म्हणाली, "त्या लॅपटॉपवर तुले काय काय कराचं हाय, ते कागदावर लिवून दे. कराचं तेच लिव, पायजे ते नको लिवू."

वैष्णवीनं चार ओळी लिहिल्या. तास ऐकायचे. टाइप करायचं. आकड्यांचे तक्ते करायचे. परीक्षा द्यायची. शोभानं कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला. शेळ्या विकल्या आणि दुकानं उघडल्यावर आम्ही तिघी निघालो. मला डोळे दाखवायचे होते, म्हणून मी.

आधी अमरावतीला गेलो. दुकान चकचकीत, थंड. तिथल्या पोरानं एक लॅपटॉप दाखवला. त्याच्या बटणांखाली लाल-निळे दिवे लागत होते. वैष्णवीचे डोळे तिथेच अडकले. शोभानं कागद काढून त्याच्यासमोर धरला.

"याच्यात दिव्याचं काम कुठी लिवलं हाय?"

"ताई, हा गेमिंगचा आहे. फास्ट चालतो."

"पोरगी गेम खेळाले नाई शिकून रायली. उघडून दाखव, मांडीवर घेऊन पाह्यतो."

तो म्हणाला, डब्याचं सील फोडता येणार नाही, बाहेरचा मांडलेला आहे तोच बघा. शोभा उठली. दुसऱ्या दिवशी आम्ही अकोल्याला हमीदभाईंकडे गेलो. हमीदभाई पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. आता मोठ्या कंपन्यांनी वापरून काढलेले लॅपटॉप आणून ते साफ करून विकत. दुकान लहान, पण त्यांनी पाच लॅपटॉप सतरंजीवर मांडले आणि म्हणाले, "हात लगाओ बहन, देखने के पैसे नहीं."

मग शोभानं लॅपटॉप बैलासारखा पाहिला. झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. बिजागरी सैल वाटली तो बाजूला सारला. एकेक बटण अंगठ्यानं दाबलं. एका लॅपटॉपचं एक बटण रुतत होतं, तोही बाजूला. मग म्हणाली, "आता याले बंद करा आन् पुन्हा सुरू करा. पाह्यतो उठाले किती वेळ लावते."

वैष्णवी लाजेनं तोंड फिरवून म्हणाली, "आई, बैल नोय तो."

"बैल असता तं उठला तरी असता इतक्यात," शोभा म्हणाली. हमीदभाई एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

ते प्रत्येक गोष्ट नीट समजावून सांगत होते. यात जुनी डिस्क आहे, स्वस्त पडेल पण रडवेल. यात नवी आहे, लवकर सुरू होईल. मेमरी एवढी हवीच, याहून कमी घेऊ नका. शोभा सगळं ऐकायची आणि शेवटी विचारायची, "तुमच्या पोरीले कोणता देसान?" तीन वेळा विचारलं. तिन्ही वेळा त्यांनी एकाच लॅपटॉपवर बोट ठेवलं. काळा, जाड, कोपरे घासलेला. मग तिनं त्यावर एक तास वैष्णवीला टाइप करायला बसवलं आणि स्वतः खालून तळहात लावून बसली, किती तापतो ते बघायला.

हमीदभाई म्हणाले, "इतना तो कोई दामाद को भी नहीं देखता."

"जावई पाह्याले चार मानसं येते, भाऊ. हे तं मले एकटीलेच पाह्यनं हाय."

लॅपटॉप पसंत पडला. पैसे देताना हमीदभाईंनी स्वतःहून सांगितलं की बॅटरी थकलेली आहे. नवी नागपूरहून यायला महिना लागेल, तेव्हा या, बदलून देतो. तोवर चार्जिंगला लावून विसरायचं नाही. आणि गादीवर, उशीवर ठेवायचा नाही. "इस की साँस नीचे से है, बहन. नीचे की जाली खुली रखना."

शोभानं तो उलटा करून खालची जाळी पाहिली. उणीव असलेली वस्तू तिनं कधी उचलली नव्हती. पण तास सुरू होते आणि परीक्षा महिन्यावर आली होती. तिनं तो घेतला. घरी आल्यावर सुताराकडून खाली दोन पट्ट्या ठोकलेला पाट करून आणला, हवा खेळावी म्हणून. मला म्हणाली, "आत्याबाई, याले कोनी हात लावाचा नाई." मी म्हणाले, मला काय करायचं आहे त्या डब्याचं.

त्या वर्षी कापसाची खरेदी बंद पडली होती आणि सगळ्या गावाचा कापूस घरातच होता. आमची मधली खोली आढ्यापर्यंत भरलेली. आम्ही त्याला टेकून जेवत होतो. अंगाला खाज सुटायची, फोड यायचे. त्याच खोलीत खिडकीपाशी जागा करून वैष्णवी अभ्यासाला बसायची.

त्या दुपारी वैष्णवी विहिरीवर धुणं धूत होती आणि शोभा गोठ्यात होती. मी सारवायला घेतलं. पाट उचलून भिंतीशी उभा केला. लॅपटॉप जपून ठेवायचा होता. आमच्याकडे आरसा असो, दिव्याची काच असो की तान्हं पोर असो, जपायचं ते कापसावर ठेवतात. मीही तो कापसावर ठेवला. वायर लावलेलीच होती, मी ती काढली नाही. लाइन गेलेली होती. वर धूळ बसू नये म्हणून माझं जुनं लुगडं टाकलं. सारवण झालं. पाट पुन्हा जागेवर मांडला, लॅपटॉप कापसावरच राहिला, आणि मी मागच्या चुलीच्या खोलीत जाऊन पडले. लाइन केव्हा आली मला कळलं नाही.

धुरानं जाग आली. मागच्या खोलीला दुसरं दार नाही. शोभा आली आणि माझ्या दंडाला धरून तिनं मला ओढत बाहेर आणलं. तोवर वैष्णवी धावत आली होती. शोभा तिला म्हणाली, "तुया लॅपटॉप आतच हाय का?" वैष्णवी म्हणाली, "राहू दे आई." शोभानं ऐकलं नाही. पदर तोंडाला लावून ती आत गेली.

गावात म्हणतात, पोरगी लॅपटॉपसाठी रडली म्हणून आई आत गेली. मी तिथे होते. पोरगी "राहू दे" म्हणाली. दोनदा म्हणाली.

लोकांनी शोभाला बाहेर काढलं तेव्हा तिचे हात रिकामे होते. तिला अकोल्याला नेलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. शुद्ध होती तेव्हा तिनं वैष्णवीला विचारलं, "परीक्षा कवा हाय?" वैष्णवीनं सांगितलं. ती म्हणाली, "देजो." माझ्याकडे तिनं पाहिलं. तिला कळलं होतं की नाही, मला माहीत नाही.

पंचनाम्यात शॉर्टसर्किट लिहिलं आहे. हमीदभाई भेटायला आले. ओसरीवर बसून म्हणाले, "मुझे बैटरी बदले बग़ैर देना नहीं था, अम्मा." त्यांच्या डोळ्याला पाणी होतं. मी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. ते उठून गेले. पुढच्या वर्षी ते कोरोनात वारल्याचं कळलं. त्यांना सांगायचं राहून गेलं.

वैष्णवीला मात्र मी सगळं सांगितलं. ती संभार, म्हणजे कोथिंबीर, निवडत होती. ऐकून घेतलं आणि निवडत राहिली. नंतर म्हणाली, "आजी, भाकरी किती टाकू?" मी दोन म्हणाले.

परीक्षा तिनं शेजारच्यांच्या मोबाइलवर दिली. पास झाली. मामाला तिनंच नाही म्हणून सांगितलं. ती आता अमरावतीला नोकरी करते आणि महिन्यातून एकदा गावी येते. आम्ही दोघी जेवतो, कामापुरतं बोलतो.

आग लागली तेव्हा घरच्या आम्ही तिघी होतो. शोभा मेली, तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती. वैष्णवी वाचली. मी वाचले.