दसऱ्याचा नारळ

परतूरच्या जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढणाऱ्या मशीनवर त्याची दोन बोटं गेली, आणि तेव्हापासून माझं डोकं जायची वेळ आली. तो आमच्या शेजारचा. मी पडलो मास्तर, म्हणून रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायचा आणि पट्टी बांधलेल्या तळव्यावर तंबाखू मळत तेच ते विचारायचा.

"मालक पैसे देईल, गुरुजी?"

"द्यावेच लागतील. कामावर दुखापत झाली की भरपाई मिळते. हक्क आहे तुझा."

"बराबर हाय. पण चूक माझी हाय ना! दसऱ्याला मशीनपुढं नारळ फोडायचं काम माझं. औंदा राहून गेल्तं."

"अरे, चाकांवर जाळी नव्हती म्हणून बोटं गेली! आणि चूक कुणाची, हे कायदा विचारतच नाही."

"बिलकुल बराबर," म्हणून तो मान डोलवायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा नारळ!

नारळाचं नाव काढायचं नाही, असं बजावूनच मी त्याला कामगार कोर्टात भरपाईच्या चौकशीला नेलं. साहेबांनी तोंड उघडायच्या आत यानं हात जोडले. "साहेब, नारळ राहून गेल्ता." मालकाचा वकील खूश. मी कपाळाला हात लावला. तरी साहेबांनी भरपाई मंजूर केली. कायदा माझ्यापेक्षा सोशिक निघाला.

पैसे मिळाले त्याच दिवशी हा नारळ घेऊन जिनिंगकडे निघाला. मी ओरडलोच, "बोटं तर गेली ना तुझी! आता नारळ कशाला?"

तो थांबला. "जाळी अजून बसवली न्हाई, गुरुजी. अन् माझ्या जागी आता दुसरा माणूस हाय."